चातुर्मासातला बँड

आमचा बँड फक्त लग्नं बंद असताना वाजायचा. आषाढी एकादशी झाली की सुरू, तुळशीचं लग्न लागलं की बंद. मध्ये पौषाचा महिना मिळायचा, तो वरकड. कारण साधं होतं. सरावाची जागा म्हणजे मी सांभाळते ते मंगल कार्यालय, आणि ड्रम वाजवणारा म्हणजे धुळ्याच्या एका लग्नाच्या बँडमधला माणूस. मुहूर्त असले की आम्हा दोघांनाही मान वर करायला फुरसत नसे.

कार्यालय जळगावहून धुळ्याकडे जाताना हायवेला लागून आहे. मालक आबा आता थकलेत. आठवड्यातून एकदा येतात, कबुतरं हाकलली का एवढं विचारतात आणि जातात. बाकी सगळं माझ्याकडे: बुकिंग, भांडी, खुर्च्या, आचारी, जनरेटरचं डिझेल, भटजींचा चहा. मागच्या दोन खोल्यांत मी राहते. मी लग्न केलं नाही. दुसऱ्यांच्या पंगती उठवता उठवता राहून गेलं म्हणा. याद्या करायची सवय मला या कामाने लावली, की सवय होती म्हणून हे काम मिळालं, ते आता सांगता यायचं नाही.

लग्न नसलेलं कार्यालय कसं दिसतं हे फार लोकांनी पाहिलेलं नसतं. आमच्या मोठ्या हॉलवर हिरव्या फायबरचे पत्रे आहेत. लग्नात वर कोणी बघत नाही, त्यामुळे ते कळत नाही. पण श्रावणातल्या दुपारी सगळा हॉल हिरवा होतो. नवरा-नवरीच्या दोन सिंहासनांवर पांढऱ्या चादरी, भिंतीला टेकून ठेवलेले फायबरचे खांब, दोरीने वर बांधलेलं झुंबर. वारा आला की बंद पंखे आपले आपण हळूहळू फिरायला लागतात. बाहेर कपाशीला फुलं आलेली असतात आणि हायवेवरचे ट्रक फार लांबून गेल्यासारखे वाटतात. मी सतरंजी टाकून तिथे पडायचे. पाण्याच्या तळाशी पडून वर बघतेय असं वाटायचं. मला स्वप्नं फारशी पडत नाहीत. ती गरज बहुधा त्या दुपारी भागत असावी.

त्या उजेडात माझी भाची गिटार घेऊन आली.

भाची म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. बोदवडला तिच्या वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. एकुलती एक पोर. जळगावला कॉलेजात घातली आणि माझ्याकडे ठेवली. तिच्या वडिलांचं ठरलेलं होतं: पदवी झाली की दुकानात बसायचं. माणूस वाईट नव्हता, उलट हौशी होता. दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावापुढे ‘आणि कन्या’ असं लिहून घ्यायचं म्हणून त्यांनी पेंटरला सांगूनही ठेवलं होतं. अख्ख्या बाजारात अशी पाटी नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यामुळे भाचीला धड भांडताही येईना. मुलीला शिकू देत नाही असा बाप असता तर बरं झालं असतं, असं ती एकदा म्हणाली होती. तिला पुण्याला जाऊन वाजवायचं होतं. काय वाजवायचं हे तिलाही तेव्हा कळलेलं नव्हतं.

“हे काय आहे?” मी विचारलं. कारण ती वाजवत होती ते गाणं आहे की गिटार दुरुस्त होतेय, तेच कळत नव्हतं.

“पंक आहे, मावशी.”

“म्हणजे?”

“तीन सूर यायला लागले की पुरे. जोरात वाजवायचं, भरभर वाजवायचं, आणि राग खरा पाहिजे.”

“तीन सूर?” दारातून आवाज आला. “आम्ही वरातीत दोनावर भागवतो.”

हा आमचा ड्रमवाला. पावसाळ्यात धुळ्यातली त्यांची खोली गळायची, म्हणून त्याच्या काकांच्या बँडचे ढोल आणि ड्रम आमच्या भांड्यांच्या खोलीत ठेवायला तो आला होता. तिशीचा, बारीक, वरातीत सगळ्यांच्या पुढे साइड ड्रम वाजवत उलटा चालणारा. उलटं चालायची एवढी सवय की बोलता बोलताही दोन पावलं मागे सरकायचा. तो ड्रम ठेवून गेला नाही. भाचीच्या तीन सुरांच्या मागे त्याने असा ताल धरला की कबुतरं उडाली, आणि आबांचं त्या आठवड्याचं काम झालं.

तिसरा माणूस मोटारीमुळे आला. आमच्या बोअरची मोटार जळली होती. धुळ्याच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला बोलावलं. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. चाळिशी ओलांडलेला, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा, हे त्याने मोटार काढता काढता सांगितलं; ते त्या दिवसाचं दुसरं वाक्य होतं. पुढच्या खेपेला मोटार आणली, तिच्यासोबत गिटारही. जुन्या डीजेच्या पेटीतून त्याने आमच्यासाठी आवाजाचं यंत्र बनवलं. त्याचा खालचा सूर लागला की भांड्यांच्या खोलीतली मोठी पातेली घुमायची.

आणि चौथी मी. माझा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. मी फक्त त्यांच्या चहाची वेळ पाळायचे.

त्याचं असं झालं. एकदा मी खोलीत सीझननंतरची भांडी मोजत होते. ग्लास कमी, चमचे कमी, एका पातेल्याचं झाकण नाही. बाहेर ह्यांचा गोंगाट, आणि उरलेली झाकणं थडथडतायत. दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा चुकली तशी मी बाहेर आले आणि माहेरच्या बोलीत सुटले. शब्द होते तेच जे कित्येक वर्षं वऱ्हाडांना आणि विहीणबाईंना बोलायचे होते आणि नोकरी म्हणून गिळले होते.

“चमचा गया, ग्लास गया, झाकन बी गयं! ईहीनबाई, तुन्ही पिशवी कशी जड व्हयनी?”

ड्रमवाल्याने काठी थांबवली नाही. उलट माझ्या ओरडण्याच्या मागे येऊन तो चालायला लागला, वरातीत घोड्याच्या चालीने चालतो तसा. मी दम घ्यायला थांबले की तो एक फटका द्यायचा, जणू म्हणतोय, पुढे? मग मला पुढचं आठवायचं. भाचीने तीन सूर लावले. मी बोलतच गेले. कधी थांबले ते आठवत नाही. आठवतं ते हे की मी हिरव्या उजेडात कमरेवर हात देऊन उभी होते आणि माझाच आवाज हॉलच्या त्या टोकाहून मला परत येत होता, कोणा दुसऱ्या बाईचा असल्यासारखा.

“अक्का,” ड्रमवाला म्हणाला, “हे कुठे शिकलात?”

हे शिकण्याची जागा आमच्याकडे आहे. माझं माहेर गिरणेच्या काठाचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवतात. दुसऱ्या दिवशी गौराई नदीवर न्यायची. या काठाला आमच्या गावच्या मुली, त्या काठाला पलीकडच्या गावच्या, आणि मधल्या पाण्यावरून एकमेकींना शिव्या. साध्या नाही, रचून, तालावर. त्यांच्या भाकरीला नावं ठेवायची, त्यांच्या जावयाच्या मिशीला नावं ठेवायची. त्यांनी आमच्या विहिरीला ठेवायची. मी पुढारी असायचे. आई माझी वेणी घालताना म्हणायची, “आज काय बोलनं शे ते बोली ले. सकाय पासून तोंड बंद.” आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून तोंड बंद. वर्षभराचं एका दिवसात बोलून टाकायचं.

“मावशी,” भाची म्हणाली, तिचे डोळे मोठे झाले होते, “हेच तर पंक आहे.”

“हे आखाजीचं आहे,” मी म्हणाले. “आणि झाकण अजून सापडलेलं नाही.”

गाण्यांचे विषय शोधावे लागले नाहीत. माझ्याकडे वऱ्हाडांना द्यायच्या सूचनांची यादी होती, हॉलच्या दाराशी लावलेली, जी कोणीच वाचत नाही. एकेका सूचनेचं एकेक गाणं झालं. उशिरा येणाऱ्या वऱ्हाडाचं सगळ्यात चाललं:

वऱ्हाड उना वो, वऱ्हाड उना,
घड्याय घरले इसरी उना.
भात निवना, वरण थिजनं,
नवरदेव फोटो काढी ऱ्हायना!

शेवटच्या ओळीला ड्रमवाला एकटा वाजवायचा आणि भाची नुसती गिटारवर हात घासायची. भाऊ डोळे मिटून घ्यायचा. सुरुवातीला मला वाटायचं त्याला झोप येते.

पहिल्या वर्षी आमचं गाणं पातेल्यांनीच ऐकलं. दुसऱ्या पौषात एका ओळखीच्या शेतात भरीत पार्टी होती. पौषात लग्नं नसतात आणि वांगी उत्तम असतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली, सगळं शेत धुराने निळं झालं, आणि कोणीतरी म्हणालं, अक्का, ते तुमचं होऊ द्या. आम्ही बैलगाडीच्या साटीवर उभे राहून वाजवलं. विजेची तार विहिरीवरून आणली. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एक म्हातारी पुढे आली आणि तिने मला पलटून शिवी दिली, माझ्या आवाजावरून, आणि ती तालात होती. मग दुसरी. धुरात चेहरे नीट दिसत नव्हते, नुसते आवाज येत होते. आयुष्यात कोणाला एवढ्या प्रेमाने बोलणी बसली नसतील. भरीत खाल्लं की नाही तेही मला आठवत नाही, आणि मी जेवण विसरणाऱ्यांतली नाही.

कोणीतरी फोनवर ते टिपलं होतं. ते फिरलं. पुढच्या चातुर्मासात धुळ्याच्या एका कॉलेजात बोलावणं आलं. पोस्टरसाठी पोरांनी बँडचं नाव विचारलं. नाव ठेवणं माझ्या कामाच्या यादीत होतं, पण ते रोज दुसऱ्या दिवसावर ढकललं जाई. पोरांनी आपल्या मनाने ‘अक्का पार्टी’ छापलं आणि तेच चिकटलं. मग जळगावात एका गणपती मंडळाने बोलावलं, आरतीनंतर. मग भुसावळला रेल्वे वसाहतीतल्या एका हॉलमध्ये. तिथे देशभरचे लोक होते, आमची बोली कळणारे थोडे. तरी वऱ्हाडाच्या गाण्याला सगळे उभे राहिले. उशीर सगळ्या भाषांत कळतो बहुतेक.

परतताना भाऊच्या टेंपोत मागे बसायचो, ड्रम आणि पेट्यांच्या मध्ये. संध्याकाळ असायची. रस्त्याकडेला केळीचे घड भरलेले ट्रक उभे असायचे. भाची माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पुण्याचं बोलायची. आधी स्वतःचं एक गाणं करायचं, मग दहा, मग एक खोली, मग दुसरी दोन पोरं. तिची पण यादीच होती. माझ्यासारखी.  टेंपो खड्ड्यातून गेला की झांज आपली आपण वाजायची.

नवरात्रात पुण्याहून फोन आला. कोणता तरी मोठा कार्यक्रम, दिवसभराचा, बरेच बँड. एप्रिलमधला शनिवार. भाचीने फोन ठेवला आणि सिंहासनावरची चादर ओढून ती अंगाभोवती गुंडाळून हॉलभर फिरली.

त्याच आठवड्यात तिचे वडील येऊन गेले. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पुण्याच्या माणसांना तू आवडलीस, तर एक वर्ष देतो. तिथे राहा, वाजव. नाही जमलं तर पेंटर तयारच आहे.” भाचीने वडिलांचे दोन्ही हात धरले. बापाने सौदा केला होता आणि मुलीला तो पसंत होता. यापेक्षा चांगलं काय हवं.

आता पुढचं आमच्याकडेच होऊ शकतं.

आमच्याकडे कार्यालयाचं बुकिंग तारखेवर होत नाही, तिथीवर होतं. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर यायच्या आधीच लोक येतात आणि म्हणतात, “आम्हाले आखाजीचं द्या.” आखाजी कधी येणार हे त्यांना माहीत नसतं, मलाही नसतं. ती येणार एवढं नक्की असतं. माझ्या वहीत पान असतं: आखाजी, सकाळ. आखाजी, संध्याकाळ. नवीन कॅलेंडर भिंतीला लागलं की मग समोर तारीख पडते. बँडचंही तसंच. ड्रमवाल्याच्या काकांनी आखाजीची सुपारी घेतली होती, आमच्याच कार्यालयातल्या सकाळच्या लग्नाची. आमच्याकडे बँड ठरवला की खरोखर सुपारी हातात देतात. ती घेतली की विषय संपला.

आणि पुण्याची तारीख होती इंग्रजी, भाचीच्या फोनमध्ये. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या.

डिसेंबरात भाऊजी दुकानाची कॅलेंडरं घेऊन आले. दरवर्षी मला एक गठ्ठा देतात, ओळखीत वाटायला. भाचीने एक खिळ्याला लावलं, एप्रिलचं पान उघडलं आणि शनिवारावर गोल करायला पेन टेकवलं. पेन तसंच राहिलं.

“मावशी, इथे आधीच काहीतरी लिहिलंय.”

मी जवळ गेले. लाल अक्षरात छापलेलं होतं, अक्षय्य तृतीया. खाली बारीक मुहूर्त.

“चांगला दिवस आहे की,” मागून भाऊजी म्हणाले. त्यांना अजून कळलं नव्हतं.

ड्रमवाल्याला बोलावलं. तो आला, कॅलेंडर बघितलं, दोन पावलं मागे सरकला.

“सुपारी घेतलीय,” तो म्हणाला.

“परत कर ना, दादा,” भाची म्हणाली. “चार महिने आहेत. दुसरा बँड बघतील ते.”

“परत करायला ती काय बाजारातली साडी आहे? पिको-फॉल लावायच्या आत?”

“तुझ्या जागी दुसरा कोणी उभा राहील.”

“राहील. काका काही बोलणार पण नाहीत.” त्याने ड्रमवरची धूळ बोटाने पुसली. “काका बोलले असते तर सोपं होतं. त्या घरच्या आजोबांच्या लग्नात माझे आजोबा वाजवत होते. बापाच्या लग्नात काका. आता नातवाचं आहे. डीजे स्वस्तात मिळत होता, तरी आमच्याकडे आले. मी पुण्याला नाचायला जाऊ?”

“नाचायला नाही, वाजवायला!”

“मी काय इथे भाजी विकतो?”

“तुझं तिथे कोणी बघत नाही रे! सगळे घोड्याकडे बघतात!”

हे तिने बोलायला नको होतं. हॉलमध्ये ते दोनदा ऐकू आलं, एकदा तिच्याकडून आणि एकदा भिंतीकडून. ड्रमवाला हसला. “एवढे लोक बघतात तरी घोडा बिथरत नाही ना, ताई? कारण मी त्याच्याकडे बघत असतो.” आणि तो गेला. त्याने तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं. एरवी तो तिला पोरी म्हणायचा.

आमचा बँड त्या दिवशी मोडला. पण ते कळायला अजून थोडा वेळ गेला.

मी जमवाजमव सुरू केली. मला दुसरं काही येत नाही. आखाजीला आमच्याकडे दोन लग्नं, सकाळ-संध्याकाळ. मुहूर्ताला मी कधी गैरहजर राहिलेले नव्हते. तरी आबांना विचारलं. आबा म्हणाले, “जाय, बेटा. कबुतरं मी हाकलीन.” आचाऱ्याला सांगितलं, भांड्यांना बाई ठरवली, जनरेटरला माणूस. तुझ्यासोबत पुण्याला मी येते, असं भाचीला सांगायला गेले तर ती फोनवर होती.

पुण्याच्या माणसाला ती ड्रमचं सांगत होती. फोनचा स्पीकर चालू होता, म्हणून मला त्याचंही ऐकू आलं. “ड्रमचं आम्ही बघू हो, तो मिळेल. पण मावशी येतायत ना? नऊवारीत? लोक त्यांनाच बघायला येणार आहेत.”

मी नऊवारी नेसत नाही. कधीच नेसले नाही. भाचीने ते त्याला सांगितलं नाही. ती म्हणाली, “मावशी येणार नाहीत. मी गाईन.”

तिकडून बरंच काही आलं. शेवटी वेळ निम्मी झाली आणि संध्याकाळची जागा जाऊन दुपारची मिळाली, उन्हातली. तिने हो म्हटलं आणि फोन ठेवला.

“मी सगळं ठरवून आलेय,” मी म्हणाले. “आबांनीही हो म्हटलं.”

“माहीत आहे.”

“मग?”

“तू आलीस तर त्यांना तू आवडशील. बाबा वर्ष देतील. मग त्या वर्षाचं मी काय करू, मावशी? तुला पाठीवर घेऊन फिरू?”

मला राग यायला हवा होता. माझ्याकडे शब्दही भरपूर होते. पण ती खिडकीत बसली होती आणि तिच्यावर पत्र्याचा हिरवा उजेड पडला होता, आणि मला एकदम वाटलं की ही पोर आधीच गेलेली आहे, मी बघतेय ती फक्त जागा. “गाणी माझी घेऊन जा,” मी म्हणाले. “झाकणाचं घेऊ नकोस, ते पुण्यात कळायचं नाही.”

चार महिने ती मागच्या खोलीत दार लावून एकटी ओरडायची. मी मध्ये पडले नाही. सीझन सुरू झाला होता. मंगलाष्टकांच्या मधल्या फटीतून कधी कधी तिचा आवाज यायचा आणि वऱ्हाडातली एखादी बाई विचारायची, “कोणाले मारी ऱ्हायनात वो?”

आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याहून भाऊ थेट बसस्टँडवर आला, खांद्याला गिटार. एप्रिल म्हणजे त्याच्या धंद्याचा महिना. उन्हाने पंप जळतात आणि दुकानासमोर शेतकऱ्यांची रांग लागते.

“दुकान?” मी विचारलं.

“मोटारी जळतच असतात,” तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.

भाऊजी पण आले, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, मुलीच्या परीक्षेला बाप जातोच. बस सुटली तेव्हा भाचीने खिडकीतून हात हलवला नाही. ओठ हलत होते. पाठ करत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की हायवे पाण्यासारखा हलत होता. वरात त्या पाण्यातून आली. आधी आवाज, मग पितळेची चमक, मग घोडा. ड्रमवाला सगळ्यांच्या पुढे, उलटा चालत, नजर घोड्याच्या डोळ्यांवर. तो इतका एकाग्र होता की माझ्या अगदी जवळून मागे सरकत गेला तरी त्याला मी दिसले नाही. मी पण पहिल्यांदाच घोड्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. वऱ्हाड वेळेवर आलं होतं.

दुपारी बँडवाल्यांची पंगत बसली. मी वाढायला उभी होते, तेव्हा फोन वाजला. भाऊजी. मागे बराच कल्ला.

“झालं गाणं,” ते म्हणाले. “चांगलं की वाईट ते मला कळत नाही. लोक कमी होते. ऊन फार आहे.”

“आणि?”

“तुमचं वऱ्हाडाचं म्हटलं. मग मध्येच विसरली.”

मी ओगराळं पातेल्यात ठेवलं.

“उभी राहिली गप्प. भाऊ आपले एकटेच वाजवत होते, बूं बूं; तिथला ड्रमवाला तिने घेतलाच नव्हता. मग तिने दुसरंच सुरू केलं. आपल्या बोलीत. माझ्या दुकानावर. गिऱ्हाईक भाव विचारतं आणि जातं, त्याच्यावर. गिऱ्हाईक गेलं की मी पंखा बंद करतो, त्याच्यावर. पाटीवर. पेंटरवर. सगळ्यांसमोर मला बोलत होती हो! आणि शेजारचा एक पोरगा, तो कुठला कोण, तिच्यासोबत ओरडत होता, पंखा, पंखा!”

“तुम्ही काय केलं?”

“पंखा मी बंद करतो हे खरं आहे,” भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, “तिथल्या दोन पोरांनी तिचा नंबर घेतला. एक वर्ष दिलंय. दोन मागत होती.”

फोन ठेवला. ड्रमवाला पत्रावळीवरून माझ्याकडे बघत होता. घास हातात.

“गायली?”

“गायली. स्वतःचं.”

“ड्रम कोणी धरला?”

“कोणी नाही.”

“मग ताल?”

“तिनेच. पाय आपटून असेल.”

त्याने घास खाल्ला. सावकाश चावला. “घाई करत असेल,” तो म्हणाला. “गाणं रंगलं की ती पुढे पळते. मी मागून ओढायचो.” आणि मग पत्रावळ पुढे करून, “अक्का, वरण वाढा जरा. आणि तिला सांगा, खुशाल पळ म्हणावं.”

मी वरण वाढलं. संध्याकाळच्या लग्नाचा टेंपो फाटकाशी येऊन उभा होता आणि हॉल अजून झाडायचा होता.